इनाना, ओडिन, हर्मिस: जुन्या देवतांची पुस्तकं कुठून वाचायला घ्यावीत

गूढविद्या आणि प्राचीन दैवतं या विषयाची ओढ लागली की माणूस पहिल्या महिन्यातच पुस्तकांचा ढीग जमवतो. टॅरोवर एक, रून्सवर (उत्तर युरोपातली जुनी अक्षरं) एक, इजिप्तच्या देवांवर एक जाडजूड, ‘तुमच्यातली देवी जागी करा’ छापाची दोन-तीन आणि कुणीतरी सुचवलं म्हणून ‘द किबालियन’. सगळ्यांच्या मुखपृष्ठावर चंद्र, सगळ्यांच्या मलपृष्ठावर ‘हजारो वर्षांचं ज्ञान’. चार-पाच पुस्तकं संपेपर्यंत आयसिस, इश्तार, हेकटी आणि फ्रेया यांचा डोक्यात काला झालेला असतो. पुढे एकतर उत्साह मावळतो, नाहीतर माणूस जे छापलंय ते सगळंच खरं मानायला लागतो.

याचं कारण साधं आहे. त्या ढिगातलं एक पुस्तक चार हजार वर्षांपूर्वीच्या काव्याचं भाषांतर असतं, दुसरं तेराव्या शतकातल्या एका ख्रिस्ती माणसाने लिहिलेलं असतं आणि तिसरं १९०८ साली शिकागोत छापलेलं असतं. फडताळात मात्र ती खांद्याला खांदा लावून बसतात. त्यामुळे कुठलंही पुस्तक उघडलं की ते त्या दैवतापासून किती लांब उभं आहे, हे आधी बघायचं. खाली सांगितलेली सगळी पद्धत या एका प्रश्नाभोवती आहे.

एक खुलासा आधीच करतो. ‘पेगन’ नावाचा एखादा धर्म कधी नव्हता. जे ख्रिस्ती नाहीत (आणि ज्यू नाहीत) त्या सगळ्यांना ख्रिस्ती लोकांनी लावलेलं ते एक सरसकट लेबल. सुमेरमधल्या (आजच्या दक्षिण इराकमधल्या) उरुक शहरातल्या इनाना देवीच्या पुजाऱ्याला उत्तर युरोपातल्या ओडिन देवाचा पत्ता नव्हता आणि आइसलँडच्या भाटाला इनानाचा. गूढविद्या हा तर आणखी निराळा प्रवाह: हर्मिस ट्रिसमेजिस्टस या पौराणिक गुरूच्या नावावरचे ग्रंथ, किमया (धातूंचं सोनं करू पाहणारी विद्या), कबाला ही ज्यू गूढपरंपरा, पुढे एकोणिसाव्या शतकातली थिऑसॉफी चळवळ. दोन्ही प्रवाह अधूनमधून एकमेकांत मिसळतात, पण वाचताना ते वेगळे ठेवलेले बरे.

पायरी १: एकच दैवत धरा

निदान तीन-चार महिने एकाच दैवताबरोबर राहा. मन कुठे ओढ घेतं ते बघाच, पण त्या दैवताला मानणाऱ्या माणसांनी स्वतः लिहिलेलं किती उरलंय, हेही बघा. याबाबतीत सगळी दैवतं सारखी नशीबवान नाहीत.

सुमेर आणि बाबिलोन सर्वांत श्रीमंत. तिथे लोक ओल्या मातीच्या पाट्यांवर लिहीत आणि माती आगीला दाद देत नाही. इ.स.पू. ६१२ मध्ये निनेव्हे शहर जळालं तेव्हा अशुरबानिपाल राजाच्या ग्रंथालयातल्या कितीतरी पाट्या त्या आगीत भाजून आणखी पक्क्या झाल्या. इजिप्तमध्येही मजकूर भरपूर आहे, पिरॅमिडच्या भिंतींवर, शवपेट्यांवर, पपायरसवर. पण तो मंत्र आणि स्तोत्रांच्या रूपात आहे, सलग गोष्टी कमी. ग्रीसचं तर विचारायलाच नको. नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन, दैवतांबद्दलचं बहुतेक सगळं आइसलँड ख्रिस्ती झाल्यावर दोन-अडीच शतकांनी कागदावर, म्हणजे चामड्यावर, आलं. केल्टिक दैवतांची स्थिती त्याहून नाजूक: ड्रुइड, म्हणजे केल्ट लोकांचे पुरोहित, आपली विद्या लिहून ठेवत नसत असं सीझरने नोंदवलंय आणि आयरिश कथा आपल्यापर्यंत आल्या त्या मठांतल्या ख्रिस्ती साधूंच्या हातून. स्लाव दैवतांबद्दल तर जवळपास सगळं त्यांच्या विरोधकांनीच लिहिलंय.

म्हणून नवख्याने इनाना, ग्रीकांची धान्यदेवी डिमिटर किंवा ओडिन यांच्यापैकी एकाला धरावं असं माझं मत आहे. स्लावांचा पेरुन किंवा केल्टांचा सर्नुनोस यांची ओढ असली तरी त्यांच्याकडे नंतर जा. सर्नुनोसचं नाव पॅरिसमध्ये सापडलेल्या एका दगडी खांबावर कोरलेलं आहे, शिंगं असलेल्या देवाची काही शिल्पं आहेत, पण त्याची एकही गोष्ट उरलेली नाही. त्याच्यावरच्या तीनशे पानी पुस्तकात बाकीची पानं कशाने भरली असतील, हा विचार आधी थोडा मुरू द्या.

पायरी २: आधी गोष्ट वाचा, तिच्यावरचं भाष्य नंतर

समजा, तुम्ही इनाना निवडली. तिच्या पाताळयात्रेचं सुमेरियन काव्य सुमारे ४०० ओळींचं आहे, एका बैठकीत वाचून होतं. ऑक्सफर्ड विद्यापीठाने सुमेरियन साहित्याचा मोठा संग्रह भाषांतरासह इंटरनेटवर खुला ठेवलेला आहे, त्यात ते आहे. छापील हवं असेल तर जेरेमी ब्लॅक आणि सहकाऱ्यांचं ‘द लिटरेचर ऑफ एन्शंट सुमेर’ बघा.

पहिल्यांदा वाचताना टीपा, प्रस्तावना काही नको. नुसतं काव्य, आणि जमल्यास मोठ्याने. कारण हे काव्य पुनरुक्तीवर चालतं. इनाना पाताळाच्या दारात येते. सात दारं आहेत. पहिल्या दारात तिच्या डोक्यावरचं शिरोभूषण उतरवलं जातं. ती विचारते, हे काय? उत्तर मिळतं: गप्प राहा इनाना, पाताळाचा नियम पुरा झाला, त्याविरुद्ध तोंड उघडायचं नाही. दुसऱ्या दारात गळ्यातले लाजवर्द या निळ्या दगडाचे मणी. तोच प्रश्न, तेच उत्तर. मग छातीवरचे मणी, मग उरावरचं भूषण, सोन्याचं कडं, हातातली मोजपट्टी आणि दोरी, आणि सातव्या दारात अंगावरचं राजवस्त्र. डोळ्यांनी वाचताना आपण चौथ्या दारापासून ओळी गाळायला लागतो. मोठ्याने वाचलं तर गाळता येत नाही आणि सातव्या दारापर्यंत आपलाही आवाज उतरलेला असतो. पुढे तिची बहीण एरेश्किगाल आणि सात न्यायाधीश तिच्याकडे बघतात आणि इनानाचं प्रेत होऊन खुंटीला टांगलं जातं.

आता बाजारातली पुस्तकं या कथेचं काय करतात ते बघा. बहुतेक ठिकाणी ती ‘अंतर्मनाच्या अंधारात उतरून नव्याने जन्मलेल्या स्त्रीची’ गोष्ट होते. तसं वाचायला हरकत नाही, पण काव्यात आणखी काय काय आहे ते तपासा. खाली जाण्याआधी इनाना आपल्या निन्शुबुर या सेविकेला पक्क्या सूचना देते: मी परतले नाही तर आक्रोश कर, एन्लिल देवाकडे जा, त्याने ऐकलं नाही तर नान्नाकडे, त्यानेही ऐकलं नाही तर एन्कीकडे. म्हणजे बाई पूर्ण तयारीनिशी उतरली आहे. एन्की आपल्या नखांतल्या मळापासून दोन जीव घडवतो. ते खाली जाऊन काय करतात? लढत नाहीत, पळवापळवी करत नाहीत. एरेश्किगाल कळांनी विव्हळत पडलेली असते. ती ‘आई गं’ म्हणाली की ते तिच्याबरोबर ‘आई गं’ म्हणतात. आपलं दुखणं कुणीतरी ऐकलं म्हणून ती प्रसन्न होते आणि इनानाचं प्रेत त्यांना देते. मग इनाना वर येते, पण तिच्या बदली कुणीतरी खाली जायलाच हवं. नवरा दुमुझी शोक करायचा सोडून भारी कपडे घालून सिंहासनावर बसलेला तिला दिसतो. त्याची रवानगी होते. आणि काव्याची शेवटची ओळ स्तुती करते ती एरेश्किगालची, इनानाची नव्हे. पुनर्जन्मवाल्या पुस्तकांत ही शेवटची ओळ मला क्वचितच भेटली.

यानंतर याच कथेचं नंतरचं अक्कादियन (बाबिलोन-असीरियाच्या भाषेतलं) रूप, इश्तारची पाताळयात्रा, वाचा. स्टेफनी डॅली यांच्या ‘मिथ्स फ्रॉम मेसोपोटेमिया’त ते मिळेल. इथली इश्तार दारावर आल्या आल्या धमकी देते: दार उघड, नाहीतर मोडून टाकीन आणि मेलेल्यांना वर आणीन, ते जिवंतांना खातील. ती खाली असताना पृथ्वीवर बैल गाईकडे फिरकत नाही. विव्हळणाऱ्या एरेश्किगालला साथ देणारे ते दोन जीव इथे नाहीत. दोन रूपं शेजारी ठेवून फरकांची यादी काढा. ‘खरी’ गोष्ट कोणती हा प्रश्न आपोआप गळून पडतो आणि दैवतं काळाप्रमाणे बदलतात हे कुणी वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

भाषांतरात मध्येच चौकटी कंस आणि टिंबं दिसतील. तिथे पाटी फुटलेली आहे. चांगला भाषांतरकार ते भगदाड उघडं ठेवतो. गोष्ट रंगवून सांगणारा ते बुजवतो. डायान वोल्कस्टाइन आणि सॅम्युअल नोआ क्रेमर यांचं १९८३ सालचं इनानावरचं पुस्तक दुसऱ्या प्रकारचं आहे: एक कथाकार, एक सुमेरतज्ज्ञ, आणि वेगवेगळ्या काव्यांतून विणलेली सलग कहाणी. वाचायला सुंदर आहे. फक्त ती विणलेली आहे हे लक्षात असू द्या.

पायरी ३: पहिल्या पानावर चार साल लिहा

ही सवय लागली तर निम्मं काम झालं. पुस्तक हातात आलं की आतल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने चार गोष्टी लिहायच्या: ते दैवत प्रत्यक्ष कधी पुजलं जात होतं, मजकूर कधी रचला किंवा लिहिला गेला, आपल्याकडे उरलेली सर्वांत महत्त्वाची प्रत कधीची, आणि हे भाषांतर किंवा पुस्तक कधीचं.

ओडिनचं उदाहरण घ्या. आइसलँडने ख्रिस्ती धर्म स्वीकारला इ.स. १००० च्या सुमारास. आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसनने गद्य एड्डा (दैवतकथा आणि काव्यशास्त्राचं पुस्तक) लिहिली १२२० च्या आसपास. काव्य एड्डाची (जुन्या दैवतकाव्यांच्या आणि वीरकाव्यांच्या संग्रहाची) मुख्य हस्तलिखित प्रत, कोडेक्स रेगियस, १२७० च्या दशकातली. (ही प्रत शतकानुशतकं कोपनहेगनला होती, १९७१ साली आइसलँडला परत गेली.) म्हणजे ओडिनची जाहीर पूजा थांबल्यावर सुमारे दोनशे वर्षांनी स्नोरी लिहायला बसला. तो स्वतः ख्रिस्ती, कायदेपंडित, मुरलेला राजकारणी, आणि शेवटी राजकारणातच १२४१ साली मारला गेला. त्याची धडपड होती ती जुनी कविता तरुण कवींना समजावी यासाठी, कारण तिच्यातली रूपकं दैवतकथा माहीत असल्याशिवाय उलगडत नाहीत. पुस्तकाच्या सुरुवातीलाच तो सांगून टाकतो की हे देव म्हणजे मुळात ट्रॉयकडून आलेली शहाणी माणसं, लोकांनी त्यांना देव मानलं. एवढं माहीत असलं की स्नोरीची व्यवस्थित, गोळीबंद दैवतसृष्टी वाचताना आपोआप एक प्रश्न मनात राहतो: ही टापटीप मूळची की स्नोरीची?

मग काव्य एड्डातलं ‘हावामाल’ उघडा. ओडिन वाऱ्याने झोडपलेल्या झाडावर नऊ रात्री लटकलाय, भाल्याने जखमी, स्वतःच स्वतःला अर्पण केलेला. कुणी भाकरी दिली नाही, पाणी दिलं नाही. तो खाली वाकून बघतो आणि किंकाळी फोडत रून्स उचलतो. स्नोरी ही हकीकत सांगतच नाही. कॅरोलाइन लॅरिंग्टन यांचं काव्य एड्डाचं आणि अँथनी फॉक्स यांचं स्नोरीचं भाषांतर शेजारी ठेवून वाचलं तर हे फरक स्वतःच सापडत जातात.

इजिप्तबाबत चार सालांचा हिशेब आणखी मजेशीर निघतो. ओसायरिसचा खून, आयसिसचा शोध, होरसचा सूड ही सलग कहाणी आपल्याला मिळते ती एका ग्रीकाकडून. प्लूटार्क, डेल्फीचा पुजारी, इ.स.च्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला लिहितोय. इजिप्शियन ग्रंथांत या कथेचे तुकडे आणि उल्लेख विपुल आहेत, पण अशी सुरुवात ते शेवट सांगितलेली कथा नाही. मंत्र म्हणणाऱ्यांना कथा पाठ होती, ती लिहायची गरज नव्हती. आणि सगळ्यात कामाचं साल १८२२: त्या वर्षी शांपोलियोंने चित्रलिपीची उकल केली. त्याआधी युरोपात लिहिलेल्या ‘इजिप्तच्या गुप्त ज्ञाना’च्या कुठल्याही पुस्तकाच्या लेखकाला त्या लिपीतला मजकूर वाचता येत नव्हता. १७८१ साली कूर द जेबलँने टॅरो हा इजिप्शियन पुजाऱ्यांचा ग्रंथ असल्याचं जाहीर केलं ते असंच. टॅरोचे पत्ते पंधराव्या शतकातल्या उत्तर इटलीतले, आणि खेळायचे.

पायरी ४: फुकट मिळणारं भाषांतर का फुकट आहे?

इंटरनेटवर मोफत मिळणारी बहुतेक भाषांतरं शंभर वर्षांहून जुनी आहेत, त्यांचा स्वामित्वहक्क संपला म्हणून ती सगळीकडे दिसतात. इजिप्तच्या ‘मृतांच्या ग्रंथा’चं वॉलिस बज यांचं १८९५ सालचं भाषांतर याचं ठळक उदाहरण. अभ्यासक त्याला केव्हाच मागे टाकून पुढे गेले, पण छापणारे अजून छापतात. त्याऐवजी रेमंड फॉकनर यांचं घ्या. हर्मेटिक, म्हणजे हर्मिस ट्रिसमेजिस्टसच्या नावावरच्या, ग्रंथांचं मोफत मिळणारं जी. आर. एस. मीड यांचं १९०६ सालचं भाषांतरही असंच. मीड थिऑसॉफिस्ट होते आणि तो रंग शब्दाशब्दात उतरलाय. जुनं भाषांतर वाचूच नये असं नाही. एक परिच्छेद घ्या, दोन भाषांतरांत वाचा, कुठे फाटे फुटतात ते बघा, आणि मग ठरवा.

पायरी ५: गूढविद्येकडे वळताना हर्मिसपासून सुरुवात

पाश्चात्त्य गूढविद्येत कुठूनही शिरलात तरी हर्मिस ट्रिसमेजिस्टस भेटणारच. ग्रीकांचा हर्मिस आणि इजिप्तचा थॉथ यांच्या मीलनातून उभा राहिलेला हा ‘त्रिवार थोर’ गुरू. त्याच्या नावावरचे ग्रीक ग्रंथ १४६० च्या सुमारास फ्लॉरेन्सला आले तेव्हा तिथला सत्ताधीश कोझिमो द मेदिची म्हातारा झाला होता. मार्सिलिओ फिचिनो हा विद्वान त्याच्यासाठी प्लेटोचं भाषांतर करत होता. कोझिमोने सांगितलं, प्लेटो बाजूला ठेव, आधी हे कर. १४६३ साली भाषांतर पूर्ण झालं, पुढच्या वर्षी कोझिमो गेला. ही घाई कशासाठी? कारण सगळ्यांची समजूत होती की हर्मिस हा मोझेसच्या काळातला, म्हणजे प्लेटोचाही आजोबा.

१६१४ साली आयझॅक कॅसोबोन या विद्वानाने भाषेवरून दाखवून दिलं की ही ग्रीक इतकी जुनी असूच शकत नाही. शब्द, संकल्पना, संदर्भ सगळे इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतले. झालं, दीडशे वर्षांची समजूत कोसळली.

नवखा वाचक इथे हटकून दोन टोकांपैकी एक गाठतो. एकतर कॅसोबोनचं नावच ऐकलेलं नसतं, म्हणून ‘सर्वांत प्राचीन ज्ञान’ म्हणत राहायचं. किंवा ऐकलं की ‘म्हणजे बनावट’ म्हणून पुस्तक मिटायचं. दोन्ही घाईचं. हे ग्रंथ रोमन काळातल्या इजिप्तमधल्या, ग्रीक लिहिणाऱ्या साधकांचे आहेत आणि त्या अर्थाने पूर्ण अस्सल आहेत. १९४५ साली नाग हम्मादीला मातीच्या रांजणात जी कॉप्टिक हस्तलिखितं सापडली, त्यांतही हर्मेटिक मजकूर निघाला, त्यातला एक गुरू-शिष्याच्या प्रत्यक्ष साधनेचा संवाद आहे. म्हणजे हे नुसतं तत्त्वज्ञान नव्हतं, कुणीतरी ते करत होतं.

वाचायचा क्रम: ब्रायन कोपेनहेव्हर यांचं ‘हर्मेटिका’ (१९९२) घ्या. आधी पहिलं प्रकरण, ‘पोइमँड्रेस’, ज्यात झोप आणि जागेपणाच्या मधल्या अवस्थेत साधकाला दर्शन होतं. मग थेट शेवटी जाऊन ‘अस्क्लेपियस’मधला इजिप्तवरचा विलाप: एक काळ येईल, देव ही भूमी सोडून स्वर्गात परत जातील, देवळांची ही भूमी थडग्यांनी भरून जाईल. हे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांदेखत देवळं ओस पडत होती की ती नुसती भीती होती, यावर अभ्यासकांत वाद आहेत. तुम्ही आधी विलाप वाचा. मधली प्रकरणं सावकाश, हवी तशी. सगळं पुस्तक क्रमाने वाचायचा हट्ट धरलात तर तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात अडकाल.

आणि ‘द किबालियन’? हे पुस्तक १९०८ साली ‘तीन दीक्षित’ या नावाने निघालं. लेखक विल्यम वॉकर ॲटकिन्सन असावा यावर आता जवळपास एकमत आहे. हा अमेरिकन गृहस्थ ‘न्यू थॉट’ (विचारांच्या बळावर आयुष्य घडतं म्हणणाऱ्या) चळवळीतला लेखक, आणि योगावरची पुस्तकंही ‘योगी रामचारक’ या नावाने हाच लिहीत असे! पुस्तकातले सात नियम हर्मेटिक ग्रंथांत त्या स्वरूपात कुठेही नाहीत. एकोणिसाव्या-विसाव्या शतकाच्या सांध्यावर अमेरिकेत आत्मविकासाची भाषा कशी घडत होती ते समजून घ्यायला ते उपयोगी आहे. ‘जसं वर तसं खाली’ हे वचन मात्र जुनं: ते ‘पाचूची पाटी’ या हर्मिसच्या नावावरच्या छोट्या मजकुरातलं आहे आणि त्या पाटीचा सर्वांत जुना उपलब्ध पाठ अरबी आहे.

या सगळ्या प्रवाहाचा नकाशा एकत्र हवा असेल तर वाउटर हानेग्राफ यांचं ‘वेस्टर्न एसोटेरिसिझम: अ गाइड फॉर द परप्लेक्स्ड’ (२०१३) पुरेसं आहे. लहान आहे, रुक्ष नाही. कबालाकडे जायचं असेल तर आधी लक्षात घ्या की ती ज्यू परंपरा आहे, ‘जोहर’ हा तिचा मुख्य ग्रंथ तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पेनमध्ये पुढे आला आणि टॅरोच्या पत्त्यांशी तिची सांगड घातली ती एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय गूढवाद्यांनी.

पायरी ६: विसाव्या शतकातली पुस्तकं त्यांच्या काळासकट वाचा

मार्गारेट मरे यांनी १९२१ साली मांडलं की युरोपात चेटकिणी म्हणून जाळल्या गेलेल्या बाया-माणसं एका जुन्या, गुप्तपणे टिकलेल्या धर्माचे अनुयायी होते. ब्रिटनमधला चेटूकविरोधी कायदा १९५१ साली रद्द झाला आणि १९५४ साली जेराल्ड गार्डनर यांचं पुस्तक आलं: तो धर्म अजून जिवंत आहे आणि मी त्यात दीक्षा घेतली आहे. प्रस्तावना कुणाची? मरेबाईंचीच. त्यातून विका हा पंथ पसरला. इतिहासकारांनी पुढे मरे यांचा सिद्धांत मोडीत काढला. रोनाल्ड हटन यांनी १९९९ च्या ‘द ट्रायम्फ ऑफ द मून’मध्ये विकाची खरी मुळं शोधली: रोमँटिक कविता, गुप्त मंडळं, १८८८ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या गोल्डन डॉन या गूढविद्या मंडळाचे विधी, लोकसाहित्याचे संग्रह. हटन आकसाने लिहीत नाहीत. अनेक विकन मंडळींनीच हे पुस्तक आपलंसं केलं. विकाकडे वळणाऱ्याने हे एक पुस्तक चुकवू नये.

तीच गोष्ट कुमारी, माता, वृद्धा या देवीच्या त्रयीची. ती रुळली रॉबर्ट ग्रेव्हज यांच्या १९४८ च्या ‘द व्हाइट गॉडेस’मधून. ग्रेव्हज कवी होते आणि ते पुस्तक कवीचं म्हणून वाचलं तर विलक्षण आहे. पण मग आधुनिक पुस्तकात ग्रीक देवी हेकटी ‘वृद्धा’ म्हणून भेटते तेव्हा ग्रीकांना विचारा. हेसिअड आपल्या ‘थिऑगनी’त तिची लांबलचक स्तुती करतो, तिला पृथ्वी, समुद्र आणि आकाश तिन्हींत वाटा देतो. ग्रीक शिल्पांत ती तीन देहांची असते खरी, पण तिन्ही तरुण.

वेल्सच्या ड्रुइडांच्या नावाने फिरणाऱ्या मजकुरात योलो मोर्गानुग या वेल्श कवीचा हात कुठे कुठे आहे ते तपासा. त्याने १७९२ साली लंडनच्या प्रिमरोझ हिलवर ‘प्राचीन’ सोहळा भरवला, तो त्यानेच रचलेला होता. माणूस प्रतिभावान, जुन्या वेल्श हस्तलिखितांचा खरा जाणकार, आणि म्हणूनच त्याची नक्कल ओळखायला लोकांना शंभर वर्षं लागली.

आज हे धर्म पाळणाऱ्यांची पुस्तकंही वाचा. आइसलँडमध्ये जुन्या देवांना मानणाऱ्यांची संस्था १९७२ साली स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिला सरकारी मान्यता मिळाली. अमेरिकेतल्या पेगन चळवळीबद्दल मार्गो ॲडलर यांचं ‘ड्रॉइंग डाउन द मून’ (१९७९) हे पत्रकाराच्या नजरेने, पण आतल्या माणसाने लिहिलेलं पुस्तक आहे. आधुनिक साधकाला ‘हे आमचं नवं आहे’ असं म्हणायला संकोच वाटत नसेल तर त्याचं पुस्तक बहुधा चांगलं निघतं.

घेण्याआधी पाच मिनिटं चाळा

शेवटची पानं उघडा. टीपा आहेत का? एखादी कथा सांगितली की ती कुठल्या ग्रंथातली ते लिहिलंय का? ‘प्राचीन लोक मानत’ हे शब्द चार पानांत तीनदा आले आणि कुठल्याच लोकांचं नाव नसेल तर पुस्तक परत ठेवा. प्रत्येक देवतेपुढे रंग, रत्न, वार आणि सुगंध यांचा तक्ता असेल तर तो लेखकाने कुठून आणला ते शोधा. रून्सच्या संचात कोरा दगड असेल तर तो १९८० च्या दशकात लोकप्रिय झालेला नवा शोध आहे. जुनी रूनमाला २४ चिन्हांची, तिच्यात कोरं काही नाही. १८ रून्सची ‘आद्य’ मालिका दिसली तर जास्तच सावध: ती गिडो फॉन लिस्ट या ऑस्ट्रियन गूढवाद्याची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, आणि तिचे धागे वंशवादी जर्मन मंडळांत गुंतलेले आहेत. नॉर्स दैवतांच्या पुस्तकांत ‘रक्त’ आणि ‘वंश’ हे शब्द वारंवार यायला लागले की लेखक कोण, हे आधी बघा.

जुळवाजुळवीचा मोह

मराठी वाचकाच्या मनात पहिल्या दिवसापासून समीकरणं सुरू होतात: झ्यूस म्हणजे इंद्र, थॉथ म्हणजे गणपती. ही खोड जुनी आहे. सीझरने गॉल लोकांचा मुख्य देव मर्क्युरी असल्याचं ठोकून दिलं आणि त्या देवाचं खरं नाव सांगायची तसदी घेतली नाही; परिणामी आपण अजून अंदाज लावतोय. काही नाती खरीच आहेत. इ.स.पू. चौदाव्या शतकात पश्चिम आशियातल्या हित्ती आणि मितन्नी राजांत झालेल्या तहात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य यांची साक्ष काढलेली आहे, तुर्कस्तानात बोगाझकोय इथे सापडलेल्या पाट्यांवर. नातं म्हणायचं तर असा पुरावा हवा. नुसतं हातात वज्र दिसलं म्हणून समीकरण मांडलं की दोन्ही देवांचं वेगळेपण पुसलं जातं.

वही, आणि करून बघणं

वहीच्या डाव्या पानावर मजकुरात काय आहे ते, उजव्या पानावर तुम्हाला काय वाटलं, काय स्वप्न पडलं, काय सुचलं ते. दोन्ही पानं महत्त्वाची, फक्त एकमेकांत मिसळायची नाहीत. आपल्याला झालेला भास सहा महिन्यांनी ‘परंपरा’ म्हणून आठवतो, तो असाच.

वाचता वाचता एखादं स्तोत्र म्हणावंसं वाटलं, दिवा लावून बसावंसं वाटलं तर खुशाल बसा. मात्र ग्रीक-इजिप्शियन जादूच्या पपायरसांत पोटात घ्यायच्या आणि अंगाला चोळायच्या मिश्रणांच्या कृती आहेत, त्या वाचायच्या, करायच्या नाहीत. पैसे भरून ‘पुढची पातळी’ उघडणाऱ्या मंडळींपासून चार हात लांब राहा. आणि झोप उडाली, प्रत्येक गोष्टीत खूण दिसायला लागली तर पुस्तकं काही आठवडे बंद ठेवून घरच्यांशी बोला, गरज पडली तर डॉक्टरांशीही.

दुसरं दैवत

पहिल्या दैवताच्या मूळ ग्रंथांतली ओळ कुठली आणि नंतरची भर कुठली हे तुम्हाला टीपा न बघता सांगता यायला लागलं की दुसरं घ्या. इनानानंतर डिमिटर चांगली जोडी होते, कारण पुन्हा पाताळ आहे, पुन्हा कुणीतरी खाली गेलंय आणि या वेळी वर राहिलेल्या आईची गोष्ट आहे. डिमिटरचं होमरिक स्तोत्र ४९५ ओळींचं. ते अख्खं एकाच हस्तलिखितात उरलंय, १७७७ साली मॉस्कोत सापडलेल्या. स्तोत्राच्या अखेरीस देवी अथेन्सजवळच्या एलेउसिस या तीर्थाच्या प्रमुखांना आपले विधी दाखवते आणि कवी तिथेच थांबतो: ते उच्चारायचे नाहीत. सुमारे हजार वर्षं असंख्य लोकांनी तिथे दीक्षा घेतली आणि आत काय दाखवलं ते कुणी लिहून ठेवलं नाही. ‘एलेउसिसचं रहस्य उलगडलं’ असं मुखपृष्ठावर म्हणणारं पुस्तक हाती आलं तर त्याचे पुरावे बघा. ते फिरून फिरून अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट आणि हिपोलिटस या दोघांवर येऊन थांबतील. क्लेमेंट उपास केल्याचं आणि सातूचं पेय प्यायल्याचं वाक्य देतो, हिपोलिटस म्हणतो की तिथे मौनात कापलेलं एक कणीस दाखवत. दोघंही ख्रिस्ती आणि या विधींचे कट्टर टीकाकार. डाव्या पानावर त्यांच्या नावापुढे तेवढं नोंदवून मग त्यांचं म्हणणं उतरवा.